अकरा पानांची पंगत

लग्नाची आमंत्रणयादी करावयास बसलेलें घर आणि आपल्या आवडीच्या अकरा क्रिकेटपटूंचा संघ निवडावयास बसलेलें घर, यांत फारसें अंतर नसतें. दोहोंतहि जागा मोजक्या, मानकरी अनेक, आणि प्रत्येकाच्या मनांत एक तरी नांव असें असतें, कीं तें गळालें तर तो भरल्या पानावरून उठेल. लग्नाच्या यादीस निदान खर्चाचें भय असतें, मांडवाच्या लांबीरुंदीची मर्यादा असते. मनांतल्या संघास खर्च नाहीं, प्रवास नाहीं. त्यांत कोणी आजारी पडत नाहीं, आणि शंभर वर्षांपूर्वींचा खेळाडूहि ऐन उमेदींत येऊन हजर होतो. तरीसुद्धां अकराचा आंकडा कोणी मोडीत नाहीं. या एका नियमामुळेंच हा विरंगुळा टिकून आहे. बाराव्या नांवाची मुभा असती, तर तेरावें व चौदावें मागोमाग आलें असतें, आणि संघाची केव्हांच नामावळी झाली असती.

वढू बुद्रुक येथील एका वाचककुटुंबानें असाच एक तंटा आमच्याकडे निवाड्यासाठीं धाडिला आहे. पुण्याहून नगरच्या रस्त्यानें जातांना कोरेगांव भीमा येथें आंत वळलें, कीं शिरूर तालुक्यांतील हें गांव लागतें. छत्रपति संभाजी महाराजांची समाधि तेथें असल्यामुळें गांवाची ओळख महाराष्ट्रांत कोणास करून द्यावी लागत नाहीं. या घरांत तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, असें पत्रांत अभिमानानें लिहिलें आहे. आणि त्याच वाक्याच्या शेजारीं, निराळ्या शाईनें, ‘हा संघ ठरेपर्यंत तरी’ अशी पुस्ती कोणी खट्याळानें जोडली आहे. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानांत गांवची तरुण मंडळी टेनिसच्या चेंडूनें सामने खेळत होती. ते पाहून परत येतांना घरांतील पुतण्यानें आजोबांस सहज विचारलें, कीं आजवरच्या सगळ्या मराठी खेळाडूंतून अकराच घ्यावयाचे झाले, तर आपण कोण घ्याल? त्या रात्रीं जेवणें फार उशिरां झालीं म्हणे.

नियम त्यांनीं स्वतःच घालून घेतले आहेत, आणि ते उदार आहेत. खेळाडू मराठी घरांत जन्मलेला किंवा मराठी गांवांत लहानाचा मोठा झालेला असावा. काळाचें बंधन नाहीं. कसोटी सामना खेळलेलाच असावा, असेंहि नाहीं. एवढ्या मोकळ्या नियमांवर चार याद्या आल्या. आजोबांच्या यादीवर १९६४ च्या दसऱ्याची छाप आहे. त्या दिवशीं मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर आपण ऑस्ट्रेलियास दोन गडी राखून हरविलें आणि पुण्याचे चंदू बोर्डे शेवटपर्यंत नाबाद राहिले. ती बातमी रेडिओवर ऐकून मगच आमच्या घरीं सोनें वांटलें गेलें, असें आजोबा लिहितात. त्यामुळें बोर्डे यांस हात लावण्याची प्राज्ञा नाहीं. काकांच्या यादींत लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ या तिन्ही भेटींत शतक झळकविणारे दिलीप वेंगसरकर आहेत, आणि १९८१ सालीं अॅडलेड येथें १७४ धांवा करणारे संदीप पाटील आहेत. पुतण्यास अजिंक्य रहाणे हवेत. शाळेंत जाणाऱ्या नातीनें यादींत पहिल्या ओळींत एकच नांव ठळक अक्षरांत लिहिलें, आणि खालच्या दहा ओळी ‘बाकीचे तुम्ही ठरवा’ म्हणून सोडून दिल्या. तें नांव स्मृति मानधना यांचें.

घरच्या आजीबाईंनीं यादी केलीच नाहीं. पत्राच्या अखेरीस, मोडी वळणाची आठवण देणाऱ्या अक्षरांत, त्यांची एकच ओळ आहे: ‘संघ चार झाले, पण पुढारी एकानेंहि नेमला नाहीं.’ सगळ्या पत्रांत विचार करावयास लावणारें वाक्य हेंच, असें आमचें मत आहे. आम्हीं चारी याद्या पुन्हा पाहिल्या. खरोखरच नायकाच्या नांवापुढें कोणीं खूण केलेली नव्हती.

प्रथम जेथें वाद नाहीं तें उरकून घेऊं. सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर हे चारी याद्यांत गृहीत आहेत. नातीनें सोडलेल्या दहा ओळींतहि ते आपोआप येऊन बसतात. १९७१ सालीं वेस्ट इंडीजच्या पहिल्याच दौऱ्यांत ७७४ धांवा, पुढें कसोटींत दहा हजारांची वेस ओलांडणारा जगांतील पहिला फलंदाज, हें गावसकरांविषयीं. आणि दोनशें कसोट्या, शंभर आंतरराष्ट्रीय शतकें, हें तेंडुलकरांविषयीं. मराठीच्या एका प्राध्यापकाच्या घरांतील मुलानें हें केलें, म्हणून आपल्या मंडळीस त्यांत अंमळ जास्त सुख वाटतें, इतकेंच. नव्या चेंडूस झहीर खान. श्रीरामपूर हें त्यांचें गांव. तें तर वढूकरांच्या नगर रस्त्यावरूनच पुढें गेलें कीं लागतें. त्यांच्या ३११ कसोटी बळींशीं तुलना करील असा दुसरा मराठी वेगवान गोलंदाज नाहीं. तीन पानें मांडून झालीं. राहिलीं आठ, आणि आजीबाईंचा प्रश्न.

पुढारी म्हणून आम्ही पालवणकर बाळू यांस नेमतों.

हें नांव चारी याद्यांत नाहीं, याबद्दल आम्ही वढूच्या मंडळीस दोष देत नाहीं. बाळूंचा खेळ पाहिलेला मनुष्य आज हयात असणें शक्य नाहीं, आणि पुष्कळ वर्षें त्यांच्याविषयीं फारसें कोणीं लिहिलेंहि नाहीं. त्यांचा जन्म १८७६ चा. वडील लष्करांत चाकरीस, मुलगा पुण्यांत वाढला, जात चांभाराची. प्रथम पारशी मंडळींच्या मैदानावर झाडलोट, आणि मग इंग्रजांच्या पूना क्लबांत महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा. रूळ फिरवावयाचा, जाळीं बांधावयाचीं, आणि साहेब सरावास आले कीं त्यांना चेंडू टाकावयाचे. ग्रेग नांवाचा एक कसलेला इंग्रज फलंदाज आपणांस बाद केल्याबद्दल दर खेपेस आठ आणे देई, असें सांगतात. आठ आण्यांच्या त्या शाळेंत बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली. बॅट हातीं घेणें मात्र साहेबांचें काम. त्या जाळ्यांत बाळूंच्या वांट्यास चेंडूच येई.

पुण्यांतील हिंदूंच्या क्लबास इंग्रजांवर मात करावयाची होती, आणि बाळूंवांचून ती होत नव्हती. त्यांना घ्यावें कीं नाहीं यावर क्लबांत मतभेद झाले, अखेर घेतलें. म्हणजे चेंडूस विटाळ नाहीं असें ठरलें, पेल्यास मात्र तो आहे असेंहि त्याच वेळीं ठरलें. मैदानावर बाळू सर्वांच्या खांद्यास खांदा लावून उभे. चहाची वेळ झाली, कीं इतर गडी आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि त्याच डावांत निम्मे शत्रू लोळविणारा हा मनुष्य बाहेर उभा राहून, मागाहून फेकून देतां येईल अशा मातीच्या बोळक्यांतून. जेवण असलें तर ताट वेगळें आणि मेजहि वेगळें.

पंक्तिप्रपंच हा शब्द परक्या घरचा नाहीं. तो आपल्याच माजघरांत जन्मला, आणि त्याचा अर्थ आपल्या मुलांना कधीं कोशांत पाहावा लागला नाहीं. एका पानावर तुपाची धार सैल सोडणारी आणि शेजारच्या पानावर हात आंखडणारी वाढपीण सर्वांनीं पाहिलेली असते. पण त्या पंगतींत निदान पान तरी मांडलेलें असतें. बाळूंचें पान मांडलेंच नव्हतें, आणि ज्यांनीं तें मांडलें नाहीं ते सुशिक्षित होते, वर्तमानपत्रें वाचणारे होते, सभांना जाणारे होते. आमच्या बहुतेक वाचकांचे पणजोबा वा खापरपणजोबा त्यांच्याच वर्गांतले.

पुढें बाळू मुंबईस आले आणि तेथील हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ सालीं मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला. त्या विजयांत बाळूंच्या जोडीस त्यांचे बंधु शिवराम होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडास गेला. तो संघ जिंकला थोडा आणि हरला फार. पण त्या दौऱ्यांत पस्तिशीच्या बाळूंनीं सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, आणि दर गड्यामागें धांवा अवघ्या पंधरा, असा त्यांचा जन्माचा हिशेब आहे. एवढा हिशेब ज्याच्या नांवावर, तो आपल्या संघाचा नायक कधींच झाला नाहीं. वर्षामागून वर्षें मागणी होत राहिली, आणि दर वर्षीं दुसरें कोणी तरी नेमलें गेलें. १९२० सालीं बाळूंना वगळून नायकत्व पुन्हा भलतीकडे गेलें, तेव्हां शिवराम व विठ्ठल या दोघां भावांनीं जाहीर निषेध करून संघांतून अंग काढून घेतलें. ती गोष्ट फुकट गेली नाहीं. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे नायक झाले. बाळूंचा खेळ मात्र तोंवर सरला होता.

मनांतला संघ निवडणारास एक अधिकार असा असतो, कीं जो कोणत्याहि निवडसमितीस नव्हता: ज्याला जिवंतपणीं जें दिलें गेलें नाहीं, तें त्यास येथें देतां येतें. आम्ही दयेनें नायकत्व देत आहों, असें मात्र कोणीं समजूं नये. फिरकी गोलंदाजाला समोरच्याच्या मनाचा ठाव घेतां आला पाहिजे, आणि क्षेत्ररक्षक कोठें उभा करावा हें त्यास सर्वांत आधीं कळतें. शिवाय खेळपट्टी स्वतःच्या हातानें पाणी घालून, रूळ फिरवून तयार केलेला दुसरा नायक आम्हांस तरी ठाऊक नाहीं. नाणेफेक जिंकल्यावर फलंदाजी घ्यावी कीं गोलंदाजी, हें त्यांस मातीच सांगेल.

बाळूंच्या काळीं संघ जातीधर्मावर पडत. प्रथम तिरंगी, मग चौरंगी. १९३७ पासून पंचरंगी. हिंदु, पारशी, मुसलमान, युरोपियन, आणि जे या चौघांत बसत नाहींत त्यांचा एक ‘उरलेल्यांचा’ संघ. आमचे पुढचें नांव या उरलेल्यांतलें आहे. विजय हजारे सांगलीचे, घर मराठी, धर्म ख्रिस्ती. म्हणून त्यांचें पान पांचव्या पंगतींत. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदूंविरुद्ध उरलेल्यांच्या ३८७ धांवा झाल्या. त्यांपैकीं ३०९ एकट्या हजारे यांच्या. त्यांचे बंधु विवेक यांच्याबरोबर ३०० धांवांची भागीदारी झाली, तींत विवेक यांच्या धांवा २१. एका भावानें नुसतें उभें राहावें आणि दुसऱ्यानें सारें करावें, असें एकत्र कुटुंबांत पुष्कळदां होतें. परंतु त्याचा असा लेखी पुरावा क्वचितच मिळतो. पंचरंगी सामने १९४६ नंतर झाले नाहींत, तें बरेंच झालें. १९४८ च्या जानेवारींत अॅडलेड येथें ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध हजारे यांनीं एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकें केलीं. आणि १९५२ सालीं मद्रासेस भारतानें पहिली कसोटी जिंकली तेव्हां नायक तेच होते. गंभीर, अबोल, फार न मिरविणारा मनुष्य. पांचव्या जागीं त्यांच्याइतका भरंवशाचा दुसरा कोण? त्या अॅडलेडच्या सामन्यांत दुसऱ्या बाजूस उभें राहून १२३ धांवा करणारे कोल्हापूरचे दत्तू फडकर हेहि आमच्या संघांत सहाव्या जागीं येतात. ते नवा चेंडू टाकतात, झहीर खान यांस जोडीदार होतो, आणि हजाऱ्यांशीं त्यांचें जमतें हें सिद्धच आहे.

फडकर आले म्हणून बोर्डे गेले. आजोबांनीं हें वाचून चष्मा काढून ठेवला असेल. बोर्डे यांच्या ५५ कसोट्या, ३०६१ धांवा आणि ५२ बळी यांचा आम्ही अनादर करीत नाहीं. पण फिरकी गोलंदाज आमच्याकडे अगोदरच दोन आहेत, आणि वेगवान एकच होता. दसऱ्याचें सोनें खरेंच, तथापि संघांत चेंडू टाकणारा हात मोजूनच घ्यावा लागतो.

दुसरे फिरकी गोलंदाज सुभाष गुप्ते. ३६ कसोट्यांत १४९ बळी, आणि १९५८ सालीं कानपूर येथें वेस्ट इंडीजच्या एका डावांतील दहांपैकीं नऊ. दहावा पुण्याच्या वसंत रांजणे यांस मिळाला. गॅरी सोबर्स यांच्या मतें गुप्ते यांच्या तोडीचा लेगस्पिन गोलंदाज दुसरा झाला नाहीं. अशा मनुष्याची कारकीर्द बत्तिशीच्या सुमारास, स्वतःचा अपराध नसतां, एका हॉटेलांतील क्षुल्लक प्रकरणापायीं शिस्तीच्या नांवाखालीं संपली. ते देश सोडून त्रिनिदादला जाऊन राहिले आणि २००२ सालीं तेथेंच वारले. यष्टीमागें नरेन ताम्हाणे. गुप्त्यांचा गुगली फलंदाजाच्या आधीं ज्यास कळावयास पाहिजे तो यष्टिरक्षक, आणि ताम्हाण्यांना तो कळे. त्यांच्या एक्कावन्न कसोटी बळींत सोळा यष्टिचीत आहेत, हें प्रमाण पुरेसें बोलकें आहे.

येथें एका माणसाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पद्माकर शिवलकर, डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणींत ५८९ बळी. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यांत तामिळनाडूविरुद्ध एका डावांत १६ धांवांत आठ आणि दुसऱ्यांत १८ धांवांत पांच. बेदी यांच्या काळांत जन्मल्यामुळें त्यांना एकहि कसोटी मिळाली नाहीं. मार्च २०२५ मध्यें ते वारले. आमच्या संघांतहि डावखुऱ्या फिरकीची एकच जागा आहे आणि तेथें बाळू बसले आहेत. नाशिकचे बापू नाडकर्णी, ज्यांनीं १९६४ सालीं मद्रासेस लागोपाठ २१ षटकें निर्धाव टाकलीं, तेहि याच कारणानें बाहेर. शिवलकरांस दुसऱ्यांदा तेंच उत्तर देतांना बरें वाटत नाहीं. परंतु अकरा म्हणजे अकरा.

एकनाथ सोलकर यांच्याविषयीं वढूच्या काकांनीं ‘यांच्या धांवा बेताच्याच’ असा शेरा मारला आहे. शेरा खरा आहे. तरी ते सातव्या जागीं घेतले पाहिजेत. फिरकी गोलंदाज दोन आहेत, आणि फिरकी गोलंदाजाचे निम्मे बळी फलंदाजाच्या पायांशीं वांकून उभ्या असलेल्या माणसाच्या हातांत असतात. शिरस्त्राण नाहीं, अंतर दोन पावलांचें. अशा जागीं सोलकरांनीं २७ कसोट्यांत ५३ झेल घेतले. १९७१ सालीं ओव्हलवर त्यांनीं पुढें झेपावून घेतलेला अॅलन नॉट यांचा झेल ज्यांनीं चित्रांत पाहिला आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. मुंबईच्या ज्या हिंदु जिमखान्याकडून बाळू खेळले, त्याच जिमखान्याच्या मैदानाची निगा सोलकरांचे वडील राखीत, आणि त्या मैदानाच्या कडेस एका खोपटांत हा मुलगा वाढला. सामने चालले असतां धांवफलकावरचे आंकडे बदलण्याचें काम करी. बाळू गोलंदाजीस आणि सोलकर त्यांच्या समोर वांकलेले, हें दृश्य आमच्या डोळ्यांपुढें वारंवार उभें राहतें, हें आम्ही लपवीत नाहीं.

आतां सलामी. गावसकरांबरोबर कोण? येथें एक नांव फार दिवस आमच्या मनांत होतें. माधव आपटे १९५३ सालीं वेस्ट इंडीजला गेले, पोर्ट ऑफ स्पेन येथें नाबाद १६३ केल्या, मालिकेंत ४६० धांवा जमविल्या, आणि त्यानंतर त्यांस पुन्हा एकहि कसोटी मिळाली नाहीं. सात कसोट्यांत सरासरी एकोणपन्नास! कारण आजवर कोणीं समजावून सांगितलेलें नाहीं. त्यांस वगळण्याचा अन्याय एकदां झालाच आहे.

आणि समोर नातीची ती ठळक ओळ. स्मृति मानधना सांगलीस वाढल्या. म्हणजे हजारे यांच्या जन्मगांवींच. २०१३ सालीं, सतरा वर्षांच्या असतां, महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यांत नाबाद २२४. २०२१ सालीं ऑस्ट्रेलियांत, गुलाबी चेंडूवर, कसोटींत १२७. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस भारतीय स्त्रियांच्या संघानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून विश्वचषक पहिल्यानें जिंकला, त्या संघाच्या त्या सलामीच्या फलंदाज. आजोबांचा आक्षेप पत्रांत नमूद आहे: स्त्रियांच्या सामन्यांतील चेंडू वजनानें हलका, सीमारेषा जवळची, गोलंदाजीचा वेग कमी, मग एकाच यादींत दोघांस तोलावें कसें? आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पण मग बाळूंचे पंधरा धांवांमागें एक गडी हे शेकडा वर्षांपूर्वींच्या उघड्या, ओबडधोबड खेळपट्ट्यांवरचे आहेत, देवधर चटईवर खेळले, गावसकर शिरस्त्राणावांचून, आणि हे सर्व एका संघांत घालतांना आजोबांनीं तराजू काढला नाहीं. काळाचें अंतर जो संघ मानीत नाहीं, त्यास हें दुसरें अंतर एकाएकीं कां आठवावें? प्रत्येकास त्याच्या समकालीनांत तोलून पाहावें, हाच एक न्याय या खेळांत चालतो, आणि त्या न्यायानें मानधना यांचें पारडें खालीं जातें. डावखुरी बॅट असल्यामुळें गावसकरांच्या जोडीस ती सोईचीहि आहे.

घरांतील बायका पुरुषांच्या मागाहून जेवीत, त्या दिवसांची आठवण आजीबाईंना असेल. नातीचें नांव पहिल्याच पंगतींत बसलें हें त्यांना वाचून दाखवावें. आपटे यांचें पान मात्र आम्हांसच उचलावें लागलें.

शेवटीं तिसरी जागा, आणि येथें आमचा निकाल डळमळीत आहे. दोन नांवें. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर, सर परशुरामभाऊ महाविद्यालयांतील संस्कृतचे अध्यापक. १९२६ सालीं गिलिगन यांच्या इंग्रज संघाविरुद्ध १४८ धांवा करून त्यांनीं आपणांस कसोटीचा दर्जा मागण्याचें धैर्य दिलें. आणि १९३२ सालीं तो दर्जा मिळाला तेव्हां चाळिशी झाली म्हणून त्यांना कोणीं विचारलें नाहीं. त्यांनीं उत्तर म्हणून १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्रास रणजी करंडक मिळवून दिला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६, आणि पन्नाशी उलटल्यावर, १९४४ सालीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत दोन शतकें. १९९३ सालीं एकशें एक वर्षांचे होऊन ते वारले.

दुसरे भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुणें, काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या चार बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमन यांचा तेव्हांचा ४५२ धांवांचा विक्रम नऊ धांवांवर राहिला होता. इतक्यांत काठेवाडच्या नायकानें पुढें खेळण्याचें नाकारून संघ घेऊन घरची वाट धरली. भारतीय खेळाडूची त्याहून मोठी खेळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत अद्याप झालेली नाहीं. निंबाळकर यांनाहि कसोटी मिळाली नाहीं. वाढलेल्या पानावरून यजमानच उठून गेल्याचें हें एकच उदाहरण आमच्या माहितींत आहे.

आम्हीं देवधर घेतले. कारण एका डावाहून तीस वर्षांचा खेळ आम्हांस मोठा वाटला. पण संस्कृतचे प्राध्यापक आहेत म्हणून या मासिकानें त्यांच्या पानावर तुपाची धार सैल सोडली, असें कोणी म्हटलें, तर तें खोडून काढण्यास आमच्याजवळ आमच्या शब्दाशिवाय पुरावा नाहीं. त्याच मासिकानें त्यांना बाळूंच्या हाताखालीं खेळावयास लावलें, एवढें म्हणतां येईल.

तेव्हां संघ असा: गावसकर, मानधना, देवधर, तेंडुलकर, हजारे, फडकर, सोलकर, ताम्हाणे, झहीर खान, बाळू आणि गुप्ते. नायक बाळू. बारावा गडी निंबाळकर. चहा सर्वांस एकाच किटलींतून.

वाडेकर नाहींत म्हणून काका रागावतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांच्या समाधानासाठीं एवढें सांगतों, कीं १९७१ सालीं वाडेकर यांस नायक नेमतांना निवडसमितीचीं मतें समसमान पडलीं होतीं, आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनीं आपलें निर्णायक मत देऊन तो प्रश्न सोडविला होता. देवधर कीं निंबाळकर, या प्रश्नावर वढूच्या घरांतहि दोन आणि दोन असेंच होणार, असा आमचा अंदाज आहे. तसें झाल्यास निर्णायक मत आजीबाईंचें धरावें. त्यांचा निकाल पंधरा तारखेच्या आंत आमच्या हातीं पडला, तर तिसरें नांव त्याप्रमाणें बदलून पुढील अंकांत छापूं.